मेलेल्या बागेचे जळण

२०२२ सालच्या उन्हाळ्यात आटपाडीच्या आमच्या रानातील डाळिंबाची बाग आम्ही तोडली. एक एकराची बाग. पंधरा बाय दहा फुटांवर लावलेली, म्हणजे जवळजवळ दोनशे नव्वद झाडे. खोडांना टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडली होती आणि त्यांतून पिठासारखा भुसा गळत होता. आधी एक फांदी पिवळी पडे, मग अर्धे झाड, मग सगळे झाड जागच्या जागी वाळून उभे राही. मागच्या साली पावसाने जमीन महिनोन्‌महिने ओली ठेवली आणि या छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याने सांगोला-आटपाडीच्या बागांवर बागा बसवल्या. आमची बाग त्यांतलीच एक. तिचे वेगळे दुःख सांगावे असे काही नाही.

सांगायचे आहे ते तोडणीविषयी. मातंग वस्तीतील तीन बाया कुऱ्हाडी, कोयते आणि कुदळी घेऊन आल्या. माझ्या धाकट्या भावाने त्यांच्याशी बोली केली ती अशी : बाग मुळासकट मोकळी करून द्यायची आणि लाकूड तुम्ही न्यायचे. रोख देणे-घेणे काही नाही. मी त्या दिवशी बांधावर उभा होतो. तिघींतील वयाने मोठ्या बाईला मी विचारले, "मावशी, मजुरी किती ठरली?" ती हसली आणि म्हणाली, "गुरुजी, जळान मिळतंय न्हवं? मग मजुरी कशाची मागायची?"

मी चपापलो. हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. फरक इतकाच, की तेव्हा ते लाकूड फोडून घेणाऱ्याच्या तोंडी होते आणि ऐकून घेणारा माझा आज्जा होता. साठ वर्षांत ते वाक्य मालकाच्या तोंडातून मजुराच्या तोंडात आले आणि आम्ही ऐकणाऱ्याच्या जागेवरून मालकाच्या जागेवर जाऊन बसलो. या लेखात त्या वाक्याचा इतिहास मला मांडायचा आहे.

१

गावगाड्याचा विचार करताना आपण पाण्याचा विचार करतो, जमिनीचा करतो, मंदिराचा करतो. जळणाचा सहसा करीत नाही. महाडचे पाणी १९२७ साली पेटले, म्हणून पाण्याचा प्रश्न आपल्या चळवळीच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला. चुलीखालच्या लाकडासाठी सत्याग्रह झाला नाही. पण महाराच्या पाठीवर रोजच्या रोज जो भार होता त्यात लाकडाचा वाटा फार मोठा होता.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गाव-गाडा' या ग्रंथात महाराच्या कामांचा पसारा तपशिलाने आला आहे. निरोप पोचवणे, सारा घेऊन जाणाऱ्याबरोबर चालणे, हद्दी दाखवणे, मेलेले जनावर ओढणे या कामांची नावे आपल्याला पाठ आहेत. त्यांच्या जोडीला जळण होते. चावडीवर अंमलदाराचा मुक्काम पडला की जळण महाराने आणायचे. वाड्यात लग्नकार्य निघाले की आठ-आठ दिवस लाकूड महाराने फोडायचे. गावात कोणी मेले तर सांगावा घेऊन परगावी महाराने धावायचे आणि परत आल्यावर सरणाचे लाकूडही त्यानेच वाहायचे. कित्येक गावांत तर होळीचा विस्तवही महारवाड्यातील होळीवरून नेण्याची रीत होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. महाराने भरलेले पाणी गावाला चालत नव्हते. महाराने फोडलेले लाकूड चालत होते. माझी आजी सांगे की काही घरी बाया तिने टाकलेल्या मोळीवर चार थेंब पाणी शिंपडून ती उचलत. चार थेंबांनी जो विटाळ जातो तो कसला विटाळ, हे तिला कधी कळले नाही. मला आता कळते. पाणी ओढायला घरचे माणूस मिळत होते, पण बाभळीचा गाठाळ ओंडका फोडायला घरचे माणूस खपत नव्हते. जेथे श्रम जड होता तेथे धर्मशास्त्राने सवलत देऊन ठेवली होती. अस्पृश्यतेचे नियम कुठे कडक आणि कुठे सैल आहेत याचा नकाशा कोणी काढला तर तो श्रमाच्या नकाशाशी ताडून पाहावा, असे मला वाटते.

या कामाचा मोबदला काय होता? कागदावर होता. वतनाची जमीन होती, तिला हाडकी-हाडवळा म्हणत. खळ्यावर बलुते होते. पण काम किती, कोणत्या वेळेला, घरातल्या किती माणसांनी करायचे याला मर्यादा नव्हती. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा त्यांचा मुख्य रोख याच अमर्यादपणावर होता. सरकारचे काम दिवसरात्र करायचे आणि वेतनासाठी रयतेच्या खळ्यावर हात पसरायचा, ही वतनदारी म्हणजे गुलामी आहे हे त्यांनी दाखवून दिले. ते विधेयक मंजूर होऊ शकले नाही. त्याच्या दहा वर्षे आधी, १९१८ साली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात महार वतन खालसा करून त्या जमिनी रयताव्याने त्याच लोकांच्या नावे करण्याचा हुकूम काढला होता. म्हणजे करायचे म्हटले तर करता येत होते.

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे नाव इतिहासात चांगल्या अर्थाने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. १९३९ साली तेथे प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आली. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली. तेथे कैदी बेडीशिवाय राहून शेती करू लागले आणि पुढे बायकामुलांसह राहू लागले. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. पण याच आटपाडीच्या महारवाड्यात १९२१ साली शंकरराव खरात जन्मले आणि १९८१ साली त्यांनी आपल्या आत्मकथेला 'तराळ-अंतराळ' हे नाव दिले. तराळकीची पाळी आली की घरातल्या माणसाचा दिवस आणि रात्र गावाची होत असे. कैद्याच्या पायातील बेडी काढणाऱ्या राज्यात तराळाच्या हातातील काठी मात्र तशीच राहिली होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले, आटपाडी सातारा जिल्ह्यात आली, १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. पाट्या बदलल्या. महारवाड्यात जळण वाहणारी माणसे तीच होती.

२

१ फेब्रुवारी १९५९ रोजी कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा अमलात आला. त्यापूर्वी १९५६ साली नागपूरला धर्मांतर झाले होते. मेलेली जनावरे ओढायची नाहीत, बलुते मागायचे नाही, असा निश्चय गावोगाव होत होता. आमच्याकडेही झाला. तरीसुद्धा मी शाळेत जाऊ लागलो त्या वर्षांत, म्हणजे साठीच्या दशकाच्या सुरुवातीला, माझा आज्जा एका मोठ्या घरी लाकूड फोडायला जात असे. कायदा आला होता, धम्म आला होता, मग हे का चालले होते?

याचे उत्तर महारवाड्याच्या चुलीत होते. जळण हे जमिनीचे उत्पन्न आहे, ही साधी गोष्ट आपल्या अर्थशास्त्रात नीट मांडली जात नाही. ज्याच्याकडे रान आहे त्याच्याकडे तुरीच्या काठ्या आहेत, ज्वारीची धसकटे आहेत, बांधावरची बाभूळ आणि लिंब आहे. ज्याच्या गोठ्यात बैल आहे त्याच्या भिंतीवर शेणी आहेत. ज्याला रान नाही आणि गुरे नाहीत त्याच्याकडे जळणही नाही. माणदेशात जंगल म्हणावे असे फारसे नाही. तरवड, हिवर, बोरी-बाभळी आणि उघडे माळ. जी काटकी दिसते ती कोणाच्या तरी बांधावरची असते. त्यामुळे भूमिहीन बाई जेव्हा मोळी घेऊन घरी येते तेव्हा ती कोणाची तरी मिंधी होऊनच येते. ज्याच्या बांधावरून काटक्या आणल्या त्याची खुरपणी आधी करावी लागते. मजुरी कमी सांगितली तरी तोंड उघडता येत नाही. कारण उद्या पुन्हा त्याच बांधावर जायचे असते.

महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगल खात्याने कुणब्याचे रान कसे तोडले हे पोटतिडकीने लिहिले आहे. कुणब्याला सरकारी जंगल बंद झाले. गावकुसाबाहेरच्यांना तर सरकारचे जंगल आणि कुणब्याचा बांध अशी दोन्ही दारे बंद होती.

आज्जा ज्या घरी जाई तेथे दिवसभर पहार, पाचर आणि घण चाले. संध्याकाळी अंगणात फोडलेल्या लाकडाची रास उभी राही आणि तिच्याभोवती ढलप्या पडलेल्या असत. त्या ढलप्या आज्जाच्या. मी त्या गोळा करायला पोते घेऊन जात असे. एकदा आज्जाने धीर करून रोख आठ आणे मागितले. त्या घरचे म्हातारे गृहस्थ रागावले नाहीत, शिवीही दिली नाही. नवल वाटल्यासारखे म्हणाले, "अरे, जळण नेतोस की रोज, मग मजुरी कशाची?" आज्जा खाली बघत राहिला. वाटेत त्याने मला एकच गोष्ट सांगितली. "पोरा, लाकूड फोडायचं आपण, आन ढलपी त्यांनी दिली म्हणायचं."

त्या वाक्यात वेठीचे सगळे शास्त्र आले. श्रम करणाऱ्याच्या हातून पडलेला चुरा उचलण्याची परवानगी हा मोबदला आणि ती परवानगी देणे हे औदार्य! ढलप्या मोजल्या जात नव्हत्या. ज्याचे माप नाही त्याच्याबद्दल भांडता येत नाही. बलुत्यातही हेच होते. सुपाचे माप देणाऱ्याच्या हातात होते.

३

डाळिंब हे माणदेशात मुक्तीचे झाड म्हणून आले. हे मी उपहासाने म्हणत नाही.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातील माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, सुकडी खाल्ली. त्याच अनुभवातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना सुरू झाली आणि खडकाळ माळावर खड्डे पडू लागले. डाळिंबाला पाणी कमी लागते, त्याला ताण दिला तर ते बहार धरते. दुष्काळी माणसासारखेच त्याचे आहे. गणेश वाण होता, पुढे लाल दाण्याचा भगवा आला. ठिबकच्या नळ्या पसरल्या. आटपाडीचे डाळिंब परदेशी जाऊ लागले आणि ज्या गावातून माणसे मुंबईच्या गिरणीत किंवा सोन्या-चांदीच्या गलाईच्या कामाला देशभर जात, त्या गावात डाळिंबाच्या पैशाने घरे उभी राहिली.

आमची एक एकर म्हणजे त्याच हाडकी-हाडवळ्याचा तुकडा. वतन गेल्यावर आकाराच्या पटीत रक्कम भरून ती जमीन माझ्या वडिलांनी नावावर करून घेतली होती. गावातल्या सगळ्या बौद्ध घरांना हे जमले असे नाही. काहींनी पैशाअभावी भरणा केला नाही, काहींच्या जमिनी भावकीत वाटून हातरुमालाएवढ्या झाल्या. ज्या माळावर आज्जाने कधी कुळीथसुद्धा धड पिकवला नव्हता तेथे भगव्याची फुले लागली तेव्हा माझ्या वडिलांनी पहिल्या तोड्याचे एक फळ बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवले होते.

पण या समृद्धीच्या आत एक जुनी रेघ होती. बागेला जमीन लागते आणि पाणी लागते. पाण्यासाठी आटपाडीने मोठा लढा दिला. १९९३ पासून दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी त्यांत समन्यायी पाणीवाटपाचा विचार मांडला. त्यातील क्रांतिकारक भाग असा की पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा हक्क आहे, ज्याला जमीन नाही त्याचाही. १९९६ साली मंजूर झालेल्या टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी कऱ्हाडजवळून उचलून आमच्याकडे आणायचे होते. ते यायला पुढे कैक वर्षे गेली. पाणी आले ही या लढ्याची थोरवी आहे. पण भूमिहीनाच्या हक्काचे पाणी हा विचार अजून बहुतांशी विचारच राहिला आहे. पाणी जमिनीच्या मागे गेले, बाग पाण्याच्या मागे गेली आणि जमीन नसलेली माणसे बागेच्या मागे मजुरीला गेली. छाटणी, पानगळ, विरळणी, फवारणीचे पाणी वाहणे, तोडणी, सगळे त्यांच्या हातचे.

मग संकटे आली. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पाडणारा तेल्या आला. मर रोग आला. २०१२-१३ च्या दुष्काळात गुरे छावणीत आणि माणसे टँकरच्या रांगेत असताना शेतकऱ्यांनी विकतचे टँकर आणून झाडे जगवली. २०२१-२२ मध्ये या भुंगेऱ्याने उरलेसुरले घेतले. बाग मेली म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज उरते. ते दुःख खरे आहे, मी ते भोगले आहे. पण बाग मेली तेव्हा पंचनाम्यात झाडांची संख्या लिहिली गेली, क्षेत्र लिहिले गेले. त्या बागेत वर्षाचे जे शेकडो रोज भरत होते ते कोणत्या रकान्यात लिहायचे? छापील कागदावर तो रकानाच नव्हता. झाड मेल्याचे नुकसान मालकाचे. काम मेल्याचे नुकसान कोणाचेच नाही. ज्यांचे काम मेले त्यांना आम्ही काय दिले? वाळके लाकूड दिले, तेही त्यांनीच तोडून न्यायचे.

४

माझ्या भावाची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो. तो म्हणाला, "अण्णा, यंत्र लावलं तर तासावर पैसे मोजायला लागतात. आपल्याकडं आहेत कुठं? बायांना जळण पाहिजे, आपल्याला रान मोकळं पाहिजे. दोघांचं भागतंय. यात अन्याय कुठं आला?"

वरवर पाहता यात अन्याय नाही. दोन गरजांची गाठ पडली आहे. पण हिशेब मांडून पाहू. तीन बाया चार दिवस खपल्या, म्हणजे बारा रोज. त्या वर्षी खुरपणीला आम्ही बाईला अडीचशे रुपये देत होतो. म्हणजे तीन हजार रुपयांचे काम. खोडाभोवतीचे मूळ खणून काढणे हे खुरपणीपेक्षा कितीतरी जड, आणि डाळिंबाच्या काट्यांनी हात फाटतात ते वेगळे. लाकूड किती निघाले हे कोणी तोलले नाही. कदाचित ते तीन हजारांचे असेल, कदाचित अधिकही असेल. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की ते तोलले गेले नाही आणि "रोख हवे की लाकूड" हे त्यांना कोणी विचारले नाही. आज्जाच्या ढलप्याही कोणी तोलल्या नव्हत्या.

शिवाय रोगट झाड उपटून रानाबाहेर नेऊन जाळावे, नाहीतर कीड शेजारच्या बागेत जाते, असा शास्त्रज्ञांचा सल्ला आहे. म्हणजे लाकूड हलवणे ही आमची गरज होती, आमच्या शेजाऱ्यांचीही होती. त्या बाया आमची रोगनिवारणाची मोहीम फुकटात पार पाडत होत्या आणि वर आमचे उपकार मानत होत्या.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला अधिक टोचते. भुंगेरा लागू नये म्हणून आम्ही त्या खोडांना वर्षानुवर्षे गेरू, क्लोरपायरिफॉस आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड यांचा लेप दिला होता. जमिनीपासून दोन फूट खोडे तांबडी दिसत. हे जाड खोडच जळणाला उत्तम, ते सावकाश जळते. तेच त्यांच्या झोपडीतल्या चुलीत जाणार होते. वरती भाकरी, बाजूला पोर आणि खाली विष मुरलेले लाकूड. लेप देताना आम्ही माणसाला तोंडाला फडके बांधायला सांगतो. जाळताना काय बांधायचे?

कोणी म्हणेल, आता गॅस आला आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, त्या बायांच्या घरीही शेगडी आहे. मी पाहिली आहे. ती फळीवर पिशवीत गुंडाळून ठेवलेली आहे आणि टाकीवर पिठाचा डबा ठेवला आहे. २०२२ साली टाकी हजार रुपयांच्या वर गेली होती. जिला रोज मिळेल याची खात्री नाही ती बाई चार रोजांची मजुरी एका टाकीत घालीत नाही. ती चुलीकडे वळते, चुलीमागून ती बांधाकडे वळते आणि बांधामागून मालकाकडे.

कायदा याबाबत मुका नाही. वेठबिगारीला संविधानाच्या तेविसाव्या कलमाने बंदी आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने मजुरी रोखीत द्यावी हे तत्त्व घातले. वस्तुरूप मजुरी हा त्यात अपवाद होता आणि त्यालाही सरकारी मंजुरी लागे. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेले श्रम हे तेविसाव्या कलमाखालील सक्तीचे श्रमच होत. भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे. आमच्या बांधावर तलाठी नव्हता, पाटील नव्हता, काठी नव्हती. पण ती सक्ती होती. ती त्या बाईच्या हसण्यात होती.

झाडांच्या बाबतीत मात्र कायदा फार जागरूक आहे. आंबा, चिंच, जांभूळ आपल्या रानात तोडायचे तर १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याने परवानगी लागते. डाळिंब त्या यादीत नाही, म्हणून आम्हाला कोणाला विचारावे लागले नाही. झाड तोडण्याआधी परवानगी विचारणारा समाज, झाड तोडणाऱ्या हाताला मजुरी विचारीत नाही.

५

मग करायचे काय? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, तोडणीची मजुरी आधी रोखीत ठरावी आणि लाकडाचा सौदा वेगळा व्हावा. ज्याला लाकूड हवे त्याने ते तोलून घ्यावे, नको असेल त्याने घेऊ नये. दोन गोष्टी एकत्र बांधल्या की वेठ जन्माला येते. दुसरी, पंचनाम्यात आणि भरपाईत बागेवर राबणाऱ्यांच्या बुडालेल्या रोजांचा रकाना यावा. ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. तिसरी, जळणाचा प्रश्न जमिनीचा प्रश्न म्हणून हाती घ्यावा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तेव्हा मागणी गायरान आणि पडीक जमिनीची होती. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. त्यांतील किती पट्टे प्रत्यक्ष नावावर झाले याचा पाठपुरावा गावोगावच्या कार्यकर्त्यांनी करावा. ज्या बाईला आपल्या नावाच्या तुकड्यावर दहा बाभळी लावता येतील, ती दुसऱ्याच्या मेलेल्या बागेची वाट पाहणार नाही.

हे सगळे मांडण्यापूर्वी मला माझ्या घरात एक भांडण करावे लागले. मी भावाला म्हणालो, बायांचे बारा रोज रोख द्यायचे. तो चिडला. म्हणाला, "आपल्या आज्जाला कुणी दिले होते?" या प्रश्नापुढे मी काही वेळ गप्प राहिलो. हा एकट्या माझ्या भावाचा प्रश्न नाही. आपल्यातले जे थोडे वर आले, ज्यांच्या नावावर एकर-दोन एकर झाले, ज्यांना पगार लागला, त्या सगळ्यांच्या मनात तो दबा धरून बसलेला आहे. आपल्याला मिळाले नाही म्हणून आपण द्यायचे नाही, हा न्याय गावगाड्याचा आहे. त्या गाड्याची उतरंड अशीच टिकली. प्रत्येक पायरीला खालची एक पायरी मिळाली आणि प्रत्येकाने आपल्या अपमानाची भरपाई खालच्याकडून वसूल केली. बाबासाहेबांनी या उतरत्या भाजणीच्या विषमतेकडे बोट दाखवले होते. ते बोट आपल्याकडेही वळते, हे आपण विसरतो.

शेवटी मी माझ्या निवृत्तिवेतनातून पैसे काढले. भावाने निम्मे दिले, कुरकुरत दिले, पण दिले. तांबडी खोडे रानाच्या कडेला खड्ड्यात जाळायचे ठरले. वरच्या, लेप नसलेल्या फांद्या बाजूला काढल्या.

मोठ्या मावशीने नोटा दोनदा मोजल्या आणि पदराच्या गाठीला बांधल्या. मग ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण त्याहून जास्त काळजी होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "पैसं दिलं ते बरं झालं. पन मग आता जळान न्यायचं का न्हाई?"

मी म्हणालो, "न्या. फांद्या तुमच्याच."

"तसं न्हवं," ती म्हणाली. "उद्या दुसऱ्याच्या बांधावर गेलं, आन त्यो म्हनला, तुम्ही तर रोख घेता, मग काटकीला हात लावू नगा, तर?"

त्या 'तर'चे उत्तर मी तिला देऊ शकलो नाही. खड्ड्यातली खोडे दोन दिवस धुमसत होती.